खपली गहू, टेक्सेल मेंढी आणि मायक्रोआरएनए

रानजाई (धागाकर्ती)

२०२४ चं वैद्यकाचं नोबेल व्हिक्टर अँब्रोस आणि गॅरी रुव्हकुन यांना मिळालं तेव्हा 'जनुकं चालू-बंद करणारं बटण' असलं काहीबाही बरंच छापून आलं. माझं शिक्षण याच विषयातलं, त्यामुळे आनंद झालाच. पण ते बटण तेव्हापासून डोक्यात जातंय. हे नोबेल ज्याच्या शोधासाठी मिळालं तो मायक्रोआरएनए, म्हणजे जनुकांवर ताबा ठेवणारा छोटासा आरएनए, बहुतेक वेळा काहीच बंद करत नाही, कमी करतो. किती कमी, कुठल्या पेशीत, कुठल्या वयात, यातच सगळी गंमत आहे. बारावीचं जीवशास्त्र अंधूक आठवणाऱ्यांना कळेल अशा बेताने लिहिते. अडलं की विचारा.

उजळणी: डीएनएमधल्या जनुकाची आरएनएमध्ये प्रत निघते, ती केंद्रकाबाहेर येते, रायबोसोम ती वाचून प्रथिन बांधतो. ही प्रत म्हणजे एमआरएनए. यकृतात आणि मेंदूत डीएनए तोच, पण कुठल्या जनुकांच्या प्रती निघतात ते वेगळं. बरीच वर्षं संशोधकांचं लक्ष मुख्यतः या टप्प्यावर होतं, प्रत निघते की नाही. निघालेल्या प्रतीचं पुढे काय होतं, ती किती टिकते, तिच्यावरून किती प्रथिन बनतं, याकडे त्या मानाने कमी पाहिलं जायचं.

गोष्ट सुरू होते सी. एलिगन्स या जेमतेम एक मिलिमीटर लांबीच्या पारदर्शक कृमीपासून. अँब्रोस आणि रुव्हकुन दोघेही एमआयटीत रॉबर्ट हॉर्विट्झ यांच्याकडे पोस्टडॉक करत होते. तिथे दोन विचित्र कृमी होते. लिन-४ हे जनुक बिघडलेला कृमी बाल्यावस्थेच्या सुरुवातीची पेशीविभाजनं पुन्हा पुन्हा करत राहतो. आकाराने वाढतो, पण अंडी घालायचा मार्गच तयार होत नाही, अंडी पोटात अडकतात. लिन-१४ हे दुसरं जनुक निकामी झालं तर नेमकं उलट, कृमी टप्पे गाळून पुढे पळतो. लिन-४ हे लिन-१४ ला दाबतं एवढं अँब्रोस यांनी दाखवलं. कसं, ते कळेना.

पुढे दोघांच्या वेगळ्या प्रयोगशाळा झाल्या. अँब्रोस यांच्याकडे रोझलिंड ली आणि रोंडा फाइनबाम लिन-४ जनुक शोधत होत्या. जनुक म्हणजे प्रथिन, अशी तेव्हा सगळ्यांची धारणा, आणि इथे प्रथिन सापडेचना. हाती लागला २२ अक्षरांचा (अक्षर म्हणजे ए, यू, जी, सी यांपैकी एक घटक) एक आरएनए. तिकडे रुव्हकुन, ब्रूस वाइटमन आणि इल्हो हा यांना दिसलं की लिन-१४ वरचं नियंत्रण त्याच्या एमआरएनएच्या मागच्या भागात आहे, जो भाग प्रथिनासाठी वाचलाच जात नाही. १९९२ च्या जूनमध्ये दोघांनी आपापले क्रम एकमेकांना कळवले. लिन-४ ची अक्षरं लिन-१४ च्या त्या मागच्या भागाशी जुळत होती, एकदा नाही, सात ठिकाणी. डिसेंबर १९९३ मध्ये 'सेल' या नियतकालिकात दोन्ही शोधनिबंध लागोपाठ आले.

आणि मग सात वर्षं सामसूम. कृमीचा काहीतरी खास नखरा असेल म्हणून बाकीच्यांनी सोडून दिलं. २००० मध्ये रुव्हकुन यांच्याच प्रयोगशाळेने लेट-७ हा २१ अक्षरांचा दुसरा आरएनए शोधला, आणि त्याच वर्षी दाखवलं की तो माणसात, माशीत, सागरी अर्चिनमध्ये जसाच्या तसा आहे. मग मात्र झुंबड उडाली. 'मायक्रोआरएनए' हे नाव पडलं २००१ मध्ये.

तयार कसा होतो? मायक्रोआरएनएचं स्वतःचं जनुक असतं, किंवा तो दुसऱ्या जनुकाच्या कापून टाकल्या जाणाऱ्या भागात दडलेला असतो. तिथून लांबलचक आरएनए निघतो आणि स्वतःवरच दुमडतो. केंद्रकातच ड्रोशा हे एन्झाइम डीजीसीआर८ या जोडीदाराबरोबर त्यातून साधारण ७० अक्षरांचा दुमडलेला तुकडा कापतं. एक्स्पोर्टिन-५ तो बाहेर पोचवतं. पेशीद्रवात डायसर त्याचं टोक छाटतं, उरते साधारण २२ अक्षरांची दुपदरी जोडी. तिच्यातला एक पदर आर्गोनॉट नावाच्या प्रथिनात बसतो, दुसरा सहसा टाकून दिला जातो.

आता आर्गोनॉट हा पदर घेऊन एमआरएनए चाचपत फिरतं. पदराची दुसऱ्यापासून आठव्यापर्यंतची अक्षरं, त्यांना सीड म्हणतात, एखाद्या एमआरएनएच्या मागच्या भागात जुळली की ते तिथे बसतं. मग जीडब्ल्यू१८२ कुळातली प्रथिनं येतात, ती सीसीआर४-नॉट नावाच्या संकुलाला बोलावतात, ते एमआरएनएला टिकवणारं मागच्या टोकाचं पॉली-ए शेपूट कुरतडतं. शेपूट आखूड झालं की पुढची टोपी काढली जाते आणि उघडा पडलेला एमआरएनए नष्ट होतो. तोपर्यंत त्याच्यावरून प्रथिन बनायचा वेगही मंदावलेला असतो.

किती मंदावतो? २००८ मध्ये दोन गटांनी एकेक मायक्रोआरएनए वाढवून किंवा काढून हजारो प्रथिनं मोजली. बहुतेक लक्ष्यांवरचा परिणाम दुपटीच्या आतला. म्हणजे प्रथिन निम्म्यावरही येत नाही. म्हणून बटण शब्दाला माझा विरोध.

आता मेंढी. टेक्सेल ही डच बेटावरची मांसल मेंढी. स्नायूंच्या वाढीला आवर घालणारं मायोस्टॅटिन नावाचं प्रथिन असतं. टेक्सेलमध्ये ते अगदी धडधाकट आहे, एकही अमिनो आम्ल बदललेलं नाही. बदललंय ते त्याच्या एमआरएनएच्या मागच्या भागातलं एक अक्षर, जी च्या जागी ए. त्या एका अक्षराने मिर-१ आणि मिर-२०६ या मायक्रोआरएनएंना बसायला जागा तयार झाली, आणि हे दोघे भरपूर असतात नेमके स्नायूंत. मायोस्टॅटिन घटलं, स्नायू वाढले. बेल्जियममधल्या लिएजच्या मिशेल जॉर्ज यांच्या गटाने २००६ मध्ये हे दाखवलं. शेजारीच बेल्जियन ब्लू गाय ठेवून बघा: तिच्यात मायोस्टॅटिनच्या जनुकातली ११ अक्षरंच गळालीत, प्रथिन निकामी. ती गाय इतकी पिळदार होते की वासरू बहुतेकदा सिझेरियनने काढावं लागतं. एकीकडे जनुक बंद, दुसरीकडे कमी. फरक डोळ्यांना दिसतो.

खपली गव्हाचं प्रतिसादात लिहिते, धागा फार लांबला.

साळुंकी

वाचतेय. एक बावळट प्रश्न: करोनाच्या एमआरएनए लशीचा याच्याशी संबंध आहे का?

रानजाई

बावळट काय त्यात. संबंध एवढाच की दोन्ही आरएनए. लशीत एमआरएनए देतात, म्हणजे पेशीला वाचून प्रथिन बनवायला प्रत देतात. मायक्रोआरएनएवरून प्रथिन बनत नाही, तो दुसऱ्यांच्या प्रतींवर बसतो.

उंटावरचा_शहाणा

लेख आवडला, पण गणित खटकतंय. सीड सात अक्षरांची. चार अक्षरं, सात जागा, म्हणजे १६,३८४ शक्यता. एमआरएनएचा मागचा भाग हजारभर अक्षरांचा धरला तर निव्वळ योगायोगाने दर सोळा-सतरा जनुकांत एकदा तरी सीड जुळणार. माणसात प्रथिनं बनवणारी जनुकं वीस हजारांच्या आसपास. म्हणजे प्रत्येक मायक्रोआरएनएला हजारभर गिऱ्हाइकं फुकटात. मग खरं लक्ष्य कोणतं हे ठरवता कसं? की जुळलं की छापा?

रानजाई

हा प्रश्न विचारल्याबद्दल दंडवत, कारण 'जुळलं की छापा' हे प्रत्यक्षात बरंच झालंय. सॉफ्टवेअरमध्ये सीड टाकायची, यादी काढायची, त्यातलं आपल्या आवडीचं जनुक उचलायचं आणि पेपर लिहायचा. असे पेपर ढिगाने आहेत.

गंभीरपणे करायचं तर पहिली चाळणी उत्क्रांतीची. माणूस, उंदीर, कुत्रा, कोंबडी यांचे तेच जनुक शेजारी ठेवायचे. मागच्या भागातली बाकीची अक्षरं कोट्यवधी वर्षांत वाटेल तशी बदललेली असतात. त्यांच्यामध्ये ती सातच अक्षरं सगळ्यांत जशीच्या तशी टिकली असतील तर ती कुणीतरी राखलीत. हा हिशोब पार्श्वभूमीचा योगायोग वजा करून २००९ मध्ये डेव्हिड बार्टेल यांच्या गटाने मांडला: माणसाच्या निम्म्याहून जास्त, ६० टक्क्यांवर जनुकांत अशा राखलेल्या जागा आहेत.

दुसरी चाळणी म्हणजे शेजार. आजूबाजूला ए आणि यू जास्त असले, आरएनए तिथे फार दुमडलेला नसला, जागा मागच्या भागाच्या अगदी मधोमध न पडता टोकांजवळ असली, तर परिणाम जास्त. सीडसमोरच्या जागेच्या शेवटी ए असण्यानेही पकड वाढते. तिसरी चाळणी प्रयोगाची: आर्गोनॉटला पेशीतल्या पेशीत आरएनएशी चिकटवायचं, बाहेर काढायचं आणि ते कुठे बसलं होतं ते वाचायचं.

आणि सगळ्यात साधी गोष्ट, जी विसरली जाते: दोघे एकाच पेशीत, एकाच वेळी, पुरेशा संख्येने हवेत. मिर-१२२ ची जागा मेंदूतल्या एखाद्या एमआरएनएवर असून काय उपयोग, तो असतो यकृतात.

मध्यरात्रीचा_चहा

म्हणजे बटण नव्हे, पंख्याचा रेग्युलेटर. बरोबर ना?

रानजाई

बटणापेक्षा फार बरं. पण रेग्युलेटर एका पंख्याचा असतो. इथे एकच मायक्रोआरएनए शेकडो एमआरएनएंवर थोडाथोडा दाब ठेवतो, आणि एकाच एमआरएनएवर पाच वेगळे मायक्रोआरएनए बसू शकतात. जागा जवळजवळ असल्या तर परिणाम नुसत्या बेरजेहून जास्तही होतो.

बांधावरून

खपली कुठाय?? शीर्षक वाचून आलो होतो, मेंढीवरच बोळवण झाली.

रानजाई

घ्या खपली. आधी वनस्पतींचा एक फरक. प्राण्यांत सीडपुरती जुळणी चालते. वनस्पतींत मायक्रोआरएनए जवळजवळ अथपासून इतिपर्यंत जुळावा लागतो, आणि जुळला की आर्गोनॉट तो एमआरएनए सरळ मधोमध कापतं. जागाही बरेचदा प्रथिनासाठी वाचल्या जाणाऱ्या भागातच असते.

खपली मळली तरी दाणा तुसातून सुटत नाही हे इथल्या बऱ्याच जणांना माहीत असेल. ओंबी मोडते, तिचे कणसुले वेगळे होतात, पण दाणे आतच. ते कांडून काढावे लागतात. बन्सी किंवा रोजचा चपातीचा गहू मळला की दाणा मोकळा. आणि गंमत अशी की बन्सी आणि खपली नात्याने जवळचे, दोन्हींत गुणसूत्रांचे चार संच. चपातीचा गहू सहा संचांचा, दूरचा.

हा फरक मुख्यतः ५ए गुणसूत्रावरच्या क्यू नावाच्या एका जनुकाचा. मोकळ्या दाण्याच्या गव्हांत त्याचं मोठं क्यू (Q) रूप, खपलीसारख्या तुसाच्या गव्हांत लहान क्यू (q). २००६ मध्ये हे जनुक वेगळं काढलं तेव्हा दोन रूपांत दोन लक्षणीय फरक दिसले: प्रथिनातलं एक अमिनो आम्ल, आणि मिर-१७२ बसतो त्या जागेतलं एक अक्षर. बरीच वर्षं संशय दोघांवर होता. २०१७ मध्ये डेव्हिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या होर्हे डुब्कोव्स्की यांच्या गटाने निकाल लावला, निर्णायक आहे ती मिर-१७२ ची जागा. खपलीत मिर-१७२ नीट बसतो, क्यूचे एमआरएनए कापतो, प्रथिन कमी राहतं. मोकळ्या गव्हात एका अक्षराने पकड ढिली झाली, क्यू वाढलं. तुसं नरम झाली, ओंबीचा दांडा मोडेनासा झाला.

प्रथिन नवीन नाही, जनुक नवीन नाही. मिर-१७२ सुद्धा तोच, दोन्ही गव्हांत. फक्त एका प्रतीवरची त्याची पकड सुटली, आणि शेतकऱ्यांनी हजारो वर्षांपूर्वी नेमका तोच गहू वेचून पुढे नेला. माझ्या मते मायक्रोआरएनए समजून घ्यायला नोबेलच्या कृमीपेक्षा हे उदाहरण सरस आहे. आपल्याकडे दोन्ही गहू अजून एकाच बाजारात मिळतात.

बांधावरून

हे वाचून बरं वाटलं. आमच्याकडे कृष्णाकाठाला खपली अजून होते. मळणीयंत्रातून काढली तरी तूस राहतंच, नंतर वेगळी सडून घ्यावी लागते आणि त्याचा खर्च वेगळा. लोक विचारतात की खपली एवढी महाग का, त्यातलं एक कारण हे. पण तुसातला दाणा किड्यांपासून जास्त टिकतो, बियाणं घरचं ठेवायला बरं पडतं. पुण्याच्या आघारकर संस्थेचं एमएसीएस २९७१ हे बुटकं वाण आलंय, ते लोळत नाही. जुनी खपली कमरेच्या वर जायची आणि वारं सुटलं की आडवी.

कडकलक्ष्मी

अवांतर: खपलीच्या खिरीची सर कुठल्याही गव्हाला नाही. मिर-१७२ चे आभार.

लोणंदचा_बाजार

मेंढीचं वाचून आठवलं. आमच्या फलटणच्या निंबकर संस्थेने दख्खनी मेंढीत बंगालच्या सुंदरबनातल्या गरोळ मेंढीचं जुळ्यांचं जनुक आणलं, 'नारी सुवर्ण' म्हणून. तेही मायक्रोआरएनएच का?

रानजाई

नाही, आणि तुलना म्हणून ते छान आहे. त्या जनुकाला फेकबी म्हणतात. तिथे बीएमपीआर१बी या प्रथिनातलंच एक अमिनो आम्ल बदललंय, म्हणजे बदल वाचल्या जाणाऱ्या मजकुरात. टेक्सेलमध्ये मजकूर तोच, बदल त्याच्या मागच्या न वाचल्या जाणाऱ्या भागात. पैदास करणाऱ्याला दोन्हीकडे एकच अक्षर तपासावं लागतं, काम सारखंच.

ढगफुटी

पुण्यातलंच आणखी एक. आयसरमध्ये अंजन बॅनर्जी यांच्या गटाने बटाट्यावर काम केलंय, २०१४ चा पेपर. मिर-१५६ हा झाडाच्या बालपणाचा मायक्रोआरएनए: रोप लहान असताना भरपूर, वय वाढेल तसा घटतो. यांनी तो बटाट्यात मुद्दाम वाढवला. झाडाची ठेवणच बदलली, जमिनीखालचं उत्पन्न घटलं, आणि दिवस लहान ठेवल्यावर बटाटे पानांच्या बेचक्यांत, जमिनीच्या वर लागले! कलमं करून त्यांनी हेही दाखवलं की तो रसवाहिन्यांतून दुसऱ्या भागात पोचत असावा. म्हणजे काम करायला तो जन्मल्या पेशीतच राहतो असंही नाही.

रानजाई

@ढगफुटी, वा. हे हवंच होतं. भातातही मिर-१५६ ची एक जागा बिघडल्याने फुटवे कमी पण लोंबी भरगच्च असं झाड मिळालं, २०१० मध्ये दोन गटांनी ते स्वतंत्रपणे शोधलं. गव्हासारखीच गोष्ट: मायक्रोआरएनए शाबूत, लक्ष्यावरची जागा बदललेली.

उंटावरचा_शहाणा

परत मीच. आता मुळावर येतो. परिणाम दुपटीच्या आत. एकेक मायक्रोआरएनए काढून टाकला तर कृमीला बहुधा काहीच होत नाही असं मी वाचलंय. मग नोबेल कशाला? आणि जर 'कमी करतो, बंद नाही' हे खरं, तर लिन-४ काढल्यावर कृमी प्रौढच होत नाही हे कसं? ते तर बटणच झालं की.

रानजाई

बरोबर वाचलंय. २००७ मध्ये कृमीतले बरेचसे मायक्रोआरएनए एकेक करून काढले तेव्हा बहुतेकांचा वाढीवर किंवा जगण्यावर ठळक परिणाम दिसला नाही. पण सगळेच एकदम काढा. उंदरात डायसर काढलं, म्हणजे मायक्रोआरएनए तयार व्हायचेच थांबवले, की भ्रूण सुरुवातीलाच मरतो. एकेकटा गेला तर त्याच कुळातला, तीच सीड असलेला दुसरा भाऊ सांभाळून घेतो, किंवा प्रयोगशाळेतल्या आरामशीर जगण्यात ती उणीव दिसत नाही.

ताण आला की दिसते. स्वित्झर्लंडच्या बाझेलमध्ये विटोल्ड फिलिपोविच यांच्या प्रयोगशाळेत सुवेंद्र भट्टाचार्य यांनी केलेलं २००६ चं काम बघा, ते पुढे कोलकात्याला आले. यकृताच्या पेशींत मिर-१२२ हा कॅट-१ या अमिनो आम्लं आत आणणाऱ्या प्रथिनाचा एमआरएनए दाबून ठेवतो. पेशीला अमिनो आम्लांची उपासमार घडवली की एचयूआर नावाचं प्रथिन त्या एमआरएनएवर येऊन बसतं, दाब सुटतो आणि साठवून ठेवलेल्या त्याच प्रतींवरून लगेच प्रथिन बनायला लागतं. नवी प्रत काढायची वाट बघावी लागत नाही. दाबणं परतवता येतं, ही त्यातली मोठी गोष्ट.

आता लिन-४. लिन-१४ वर सात जागा आहेत, म्हणून तिथला परिणाम नेहमीपेक्षा जोरकस. आणि तो सगळ्यात आधी सापडला तो याच कारणाने. १९८० च्या दशकात शोधायची पद्धत काय होती? कृमी बिघडवायचे आणि सूक्ष्मदर्शकाखाली डोळ्यांना वेडावाकडा दिसणारा उचलायचा. वीस टक्क्यांनी प्रथिन घटवणारा मायक्रोआरएनए असा कुणाच्या डोळ्यात येणार? जे आधी सापडलं तेच नमुना म्हणून बातम्यांत गेलं, आणि बटण तिथून आलं.

उंटावरचा_शहाणा

हे पटण्यासारखं आहे. पण मग माणसात एकाच मायक्रोआरएनएच्या बिघाडाने आजार, असं आहे का काही? की सगळं समूहानेच?

रानजाई

आहे. मिर-९६ कानातल्या केसपेशींत असतो. त्याच्या सीडमधलं एकच अक्षर बदललेली स्पॅनिश कुटुंबं २००९ मध्ये नोंदली गेली. त्यांच्यात वयाबरोबर ऐकू येणं कमी होत जातं. सीड बदलली म्हणजे दुहेरी पंचाईत: जुनी लक्ष्यं सुटतात आणि नको ती नवी पकडली जातात.

दुसरं जुनं उदाहरण रक्ताच्या कर्करोगाचं. दीर्घकालीन लिम्फोसायटिक ल्युकेमियात तेराव्या गुणसूत्राचा एक तुकडा वारंवार गळालेला दिसायचा, पण तिथे दोषी ठरवावं असं प्रथिनाचं जनुक काही सापडेना. २००२ मध्ये जॉर्ज कॅलिन आणि कार्लो क्रोचे यांनी दाखवलं की तिथे मिर-१५ए आणि मिर-१६-१ बसलेत. ते गेले की बीसीएल२ हे पेशीला मरू न देणारं प्रथिन वाढतं.

स्टेथो

औषधांचं मी लिहितो, रोजचा संबंध येतो. हिपॅटायटिस सी चा विषाणू मिर-१२२ चा उलटा फायदा घेतो. मिर-१२२ त्याच्या आरएनएच्या पुढच्या टोकाला बसतो, आणि त्यामुळे विषाणूचा आरएनए नष्ट होण्याऐवजी टिकतो! म्हणून मिर-१२२ ला अडकवून ठेवणारं मिराविरसेन आलं, २०१३ मध्ये रुग्णांवरच्या चाचणीत विषाणू खरंच घटला. पण त्याच सुमारास तोंडाने घ्यायच्या नव्या गोळ्या आल्या, त्यांनी नव्वद टक्क्यांहून जास्त रुग्ण बरे व्हायला लागले, आणि या इंजेक्शनचं महत्त्वच संपलं.

उलट दिशेचा प्रयत्न, म्हणजे मायक्रोआरएनएच बाहेरून द्यायचा, एमआरएक्स३४ चा. मिर-३४ ची नक्कल, कर्करोगासाठी. प्रतिकारशक्तीशी निगडित गंभीर दुष्परिणाम झाले आणि २०१६ मध्ये चाचणी थांबवली. वर रानजाईंनी लिहिलंय तेच इथे नडतं: एक मायक्रोआरएनए शेकडो एमआरएनएंना हात लावतो, औषध म्हणून तो नको तिथेही हात लावणार.

यशस्वी झाली ती एसआयआरएनएची, म्हणजे मुद्दाम बनवलेल्या छोट्या दुपदरी आरएनएची औषधं. तीही आर्गोनॉटमध्येच बसतात, पण पूर्ण जुळणी ठेवून एकच लक्ष्य कापतात. पहिलं पॅटिसिरान, २०१८. कोलेस्टेरॉलचं इनक्लिसिरान त्यातलंच, सुरुवातीच्या डोसनंतर वर्षातून दोनदा.

साळुंकी

व्हॉट्सॅपवर फिरतंय की जेवणातल्या भाज्यांचे मायक्रोआरएनए रक्तात जाऊन आपली जनुकं सुधारतात. एका काढ्याच्या जाहिरातीत पण होतं.

रानजाई

त्याचं मूळ खरं आहे, फुगा खोटा. नानजिंग विद्यापीठाच्या गटाने लिहिलं की तांदळाचा मिर-१६८ए माणसाच्या रक्तात सापडतो आणि उंदरात कोलेस्टेरॉलशी संबंधित एका प्रथिनावर परिणाम करतो. २०१२ च्या आसपास फार गाजलं. नंतर इतरांनी तसेच प्रयोग केले तेव्हा प्राण्यांच्या रक्तात वनस्पतींचे मायक्रोआरएनए नगण्य निघाले. पेशीत परिणाम व्हायला एका मायक्रोआरएनएच्या शेकडो-हजारो प्रती लागतात. जेवणातून तेवढे पोट, आतडं, रक्त असा प्रवास करून पोचतील असा पुरावा नाही. काढा चवीला आवडत असेल तर प्या.

नमुना_क्रमांक

मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये आहे. रक्तातल्या मायक्रोआरएनएवरून कर्करोग लवकर ओळखू, अशी पॅकेजेस आता विकली जाताहेत, त्याबद्दल दोन शब्द. रक्तात ते टिकाऊ असतात हे खरं, म्हणून उत्साह आहे. पण सुई नीट लागली नाही, नळी जोरात हलवली, सॅम्पल हिमोलाइज झालं (तांबड्या पेशी फुटल्या), की तांबड्या पेशींतले मिर-४५१ आणि मिर-१६ सिरममध्ये सांडतात आणि आकडे भलतेच येतात. साध्या पोटॅशियमलाही हाच त्रास आहे, तो आम्ही ओळखतो. या टेस्टच्या रिपोर्टवर मात्र हिमोलिसिस तपासल्याचा उल्लेख मी अजून पाहिला नाही. पैसे घालण्याआधी तेवढं विचारा.

स्टेथो

+१. आणि मॅमोग्राफी किंवा बायोप्सी सांगितली असेल तर ती टाळून हे करू नका.

बांधावरून

शेवटचा प्रश्न. ते जनुक संपादन म्हणतात त्याने खपलीतलं ते एकच अक्षर बदललं, तर मोकळ्या दाण्याची खपली होईल का? कांडायचा खर्च वाचेल.

रानजाई

बरीचशी होईल, पूर्ण होईलच असं नाही. क्यू एकटं पुरत नाही. तुसं चिवट ठेवणारं टीजी नावाचं दुसरं जनुक दुसऱ्या क्रमांकाच्या गुणसूत्रांवर आहे, त्याचंही नरम रूप लागतं. बन्सीत दोन्ही आहेत. खपलीचा बन्सीशी संकर करूनही क्यू आणता येतं, संपादनच हवं असं नाही. पण क्यू फक्त तुसापुरतं नाही, ओंबीची ठेवण, झाडाची उंची, फुलायची वेळ यांतही त्याचा हात आहे, त्यामुळे निघेल ते झाड तुमच्या ओळखीच्या खपलीसारखं दिसेल याची खात्री नाही. आणि तुम्हीच वर म्हणालात तसं तूस गेलं की किड्यांचं बघावं लागेल.

बांधावरून

मग राहू दे. कांडून घेतो.